बांधावरचा गुलाब : डेव्हन ते नॉर्थंबरलँड

इंग्लंडमधला रानगुलाब घनदाट जंगलात वाढत नाही. त्याला ऊन लागते, अंग टाकायला दुसऱ्या झुडपाचा आधार लागतो आणि गुरांच्या तोंडापासून थोडे संरक्षण लागते. या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी मिळतात त्या शेताच्या बांधावर, जिवंत झुडपांच्या कुंपणात. म्हणून रानगुलाब पाहायचा तर शेतांच्या कडेकडेने जावे लागते. जूनच्या सुरुवातीला नैर्ऋत्येकडील डेव्हनमधून निघावे, बहराबरोबर उत्तरेकडे सरकत जावे आणि महिनाअखेरीस नॉर्थंबरलँडचा समुद्रकिनारा गाठावा, म्हणजे या वनस्पतीची बहुतेक रूपे वाटेत भेटतात. वाटेत आणखी एक गोष्ट लक्षात येते. हा गुलाब रानातला म्हणवला जात असला, तरी तो कुठे उगवावा आणि किती फुलावा हे शतकानुशतके माणसाच्या हातात राहिले आहे. कुंपण घातले तेव्हा त्याला घर मिळाले, कुंपण उपटले तेव्हा ते गेले, आणि आज कुंपणाची छाटणी कधी होते यावर त्याचा बहर ठरतो.

डेव्हन : मातीच्या बांधावर

डेव्हनच्या ग्रामीण भागातील रस्ते एक गाडी जेमतेम जाईल इतके अरुंद आहेत. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच बांध आणि बांधावर झुडपे, त्यामुळे मैलच्या मैल गेले तरी शेते दिसत नाहीत. इथले कुंपण म्हणजे आधी मातीचा रुंद बांध, बऱ्याच ठिकाणी त्याला दगडांचे अस्तर, आणि माथ्यावर हेझल, हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्न, हॉली, ॲश यांची दाट रांग. एकट्या डेव्हन काउंटीत अशी सुमारे ५३,००० किलोमीटर लांबीची कुंपणे आहेत. पृथ्वीच्या परिघापेक्षा ही लांबी जास्त भरते. त्यांतली कित्येक मध्ययुगीन आहेत, आणि डार्टमूरच्या माळावर तर कांस्ययुगात घातलेले दगडी बांध आजही ओळखता येतात.

कुंपणाचे वय ओळखण्याचा एक ढोबळ आडाखा मॅक्स हूपर या शास्त्रज्ञाने सुचवला. कुंपणाचा साधारण २७ मीटरचा तुकडा घ्यावा आणि त्यात काष्ठमय वनस्पतींच्या किती जाती आहेत ते मोजावे. जितक्या जाती, तितकी शतके. सुरुवातीला एकदोन जातींचेच लावलेले कुंपण काळाच्या ओघात पक्ष्यांनी आणि वाऱ्याने आणलेल्या बियांमुळे समृद्ध होत जाते, हे त्यामागचे तत्त्व. काही कुंपणे पहिल्यापासूनच मिश्र लावलेली असल्याने हा आडाखा सगळीकडे लागू पडत नाही. पण बांधावर रानगुलाब कसा आला याचे उत्तर मात्र त्यातूनच मिळते. जुन्या कुंपणात तो सहसा कुणी मुद्दाम लावला नव्हता. थ्रश जातीच्या पक्ष्यांनी फळे खाल्ली, बिया विष्ठेतून बांधावर पडल्या, आणि बहुतेक बिया दुसऱ्या वसंतात रुजल्या.

जूनमध्ये या बांधांवर प्रामुख्याने दोन गुलाब दिसतात. पहिला ‘डॉग रोझ’, म्हणजे रोझा कॅनिना. याच्या लांब कमानदार फांद्या हॉथॉर्नच्या डोक्यावरून बाहेर झेपावतात. काटे जाड बुडाचे आणि मागे वाकलेले. त्या आकड्यांनीच तो शेजारच्या झुडपाला धरून वर चढतो. फूल चार-पाच सेंटिमीटर रुंद, पाकळ्या पाचच, रंग फिकट गुलाबी ते जवळजवळ पांढरा, मध्यभागी पिवळ्या पुंकेसरांचे वलय. वास मंद. दुसरा ‘फील्ड रोझ’, म्हणजे रोझा आर्व्हेन्सिस. हा पसरत जाणारा, शुभ्र पाकळ्यांचा आणि थोडा उशिरा फुलणारा. त्याच्या फुलात कुक्षिवृंत एकत्र जुळून एक छोटा खांब तयार होतो. डॉग रोझमध्ये तिथे नुसता चपटा गुच्छ असतो. एवढ्या एका खुणेवरून दोघे वेगळे ओळखता येतात.

डॉग रोझची कळी जवळून पाहण्यासारखी असते. तिच्या पाच हिरव्या निदलांपैकी दोन दोन्ही कडांनी कातरलेली, दोन अगदी साधी आणि पाचवे एकाच कडेने कातरलेले असते. मध्ययुगापासून युरोपात यावर पाच भावांचे कोडे घातले जाते: दोघांना दाढी, दोघे सफाचट आणि एकाला अर्धीच दाढी. कारण कळीच्या घडणीत आहे. निदले एकमेकांवर चढवून मिटलेली असतात. जी कड बाहेर उघडी राहते तिला झालर फुटते, जी शेजारच्या निदलाखाली दडते ती साधी राहते. पाच निदलांची ही मांडणी ठरलेली असल्याने हिशेब प्रत्येक कळीत तोच येतो.

या फुलात मधुरस नसतो. भुंगे येतात ते परागकणांसाठी. पुंकेसरांना बिलगून ते पंखांचे स्नायू थरथरवतात आणि परागकण अंगावर झाडून घेतात. शांत दुपारी बांधाजवळ उभे राहिले तर ही बारीक, थांबून थांबून येणारी गुणगुण स्पष्ट ऐकू येते. याच फांद्यांवर मधूनच लाल-हिरव्या तंतूंचा गोंडा दिसतो. एका अगदी लहान गांधीलमाशीने अंडी घातल्यामुळे झाडाच्या पेशींतून तयार झालेली ती गाठ असते. आत अनेक कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एक अळी. जुन्या काळी या गाठी वाळवून औषध म्हणून विकल्या जात. या गाठींमुळे झाडाचे फारसे नुकसान होत नाही.

हॅम्पशायर : भिंतीआडची बाग

पूर्वेकडे हॅम्पशायरमध्ये आले की जमीन बदलते. डेव्हनची लाल माती संपून खडूच्या पांढऱ्या चुनखडीचे गवताळ डोंगरउतार सुरू होतात. इथे तिसरा गुलाब भेटतो, ‘स्वीट ब्रायर’. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकात एग्लंटाइन या नावाने येणारा तो हाच. याची फुले गडद गुलाबी आणि लहान, पण त्याची ख्याती पानांसाठी आहे. पानांच्या पाठीवर सूक्ष्म ग्रंथी असतात. पाऊस पडून गेला किंवा पान चुरगळले की त्यांतून पिकलेल्या सफरचंदाचा वास सुटतो. फुलाऐवजी पानांचा वास घेण्यासाठी गुलाब लावावा, ही भारतीय प्रवाशाला नवलाची वाटणारी गोष्ट इंग्लंडमध्ये काही शतके रूढ आहे. बागेच्या वाटेलगत स्वीट ब्रायरचे कुंपण राखून ते मुद्दाम छाटत ठेवतात, कारण कोवळ्या पानांना वास जास्त असतो. वसाहतींबरोबर हे झुडूप न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि चिलीत गेले. पहिल्या दोन देशांत ते कुरणे गिळणारे तण ठरले, तर चिलीत त्याच्या बियांच्या तेलाचा धंदा उभा राहिला.

टेस्ट नदीकाठी मॉटिस्फाँट येथे तेराव्या शतकाच्या आरंभी स्थापन झालेला एक मठ होता. पुढे त्याचे जमीनदाराच्या वाड्यात रूपांतर झाले आणि आता ती वास्तू नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. तिथल्या जुन्या भाजीबागेच्या उंच विटांच्या भिंतींआड ग्रॅहॅम स्टुअर्ट थॉमस या उद्यानतज्ज्ञाने १९७० च्या दशकाच्या आरंभी गुलाबबाग रचली. १९०० पूर्वीच्या जुन्या गुलाबांचा राष्ट्रीय संग्रह इथे जतन केला आहे. बहुतेक झुडपे वर्षातून एकदाच, जूनमध्ये फुलतात. त्या दिवसांत भिंतींमुळे वारा अडतो आणि सुगंध आत कोंडून राहतो.

बांधावरचा गुलाब बागेत कसा शिरला हे इथे पायरीपायरीने पाहता येते. ‘रोझा गॅलिका’ या दक्षिण युरोपातील रानगुलाबाचे एक किरमिजी, अर्धभरीव रूप मध्ययुगीन मठांत औषधासाठी लावले जाई. त्याच्या पाकळ्या वाळवल्यावरही सुगंध धरून ठेवतात, म्हणून त्या साखरेत मुरवून गुलकंद करत आणि तो औषध म्हणून देत. शेजारी ‘रोझा आल्बा’ हा शुभ्र गुलाब उभा असतो. त्याच्या निळसर करड्या पानांत आणि चिवटपणात डॉग रोझचा वारसा आहे. बागेतल्या गुलाबाशी झालेल्या त्याच्या संकरातून हा वंश निघाला असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात.

एकदाच फुलण्याची ही रीत अठराव्या शतकाच्या अखेरीस बदलली. चीनमध्ये पिढ्यानपिढ्या जोपासलेले, महिनोन्‌महिने फुलणारे गुलाब ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून, काही कलकत्त्यामार्गे, इंग्लंडात पोहोचले. त्यांच्या संकरातून वर्षातून अनेकदा फुलणारे आधुनिक गुलाब निघाले आणि जुने गुलाब मागे पडले.

तरीही बांधावरच्या गुलाबाने बाग सोडली नाही. आता तो मातीखाली गेला. नव्या नाजूक जातींची मुळे कमकुवत असल्याने त्यांचा डोळा डॉग रोझच्या खुंटावर भरण्याची पद्धत रूढ झाली. एकोणिसाव्या शतकात खेड्यातले मजूर हिवाळ्यात कुंपणातून रानगुलाबाचे सरळ सोट खणून रोपवाटिकांना विकत. आजही युरोपातील बरेच बागेतले गुलाब याच कुळातल्या निवडक खुंटांवर उभे आहेत. बागेची निगा कमी पडली की खुंटाला फुटवे येतात, कलमी फांदी मागे पडते आणि काही वर्षांत बागेत पाच पाकळ्यांचा फिका गुलाब फुलू लागतो. तळेगाव-मावळातील हरितगृहांमधले निर्यातीचे डच गुलाबही ‘नाताळ ब्रायर’सारख्या खुंटांवर डोळा भरूनच वाढवतात. खुंटाची जात वेगळी, पण रीत तीच.

कॉट्सवोल्ड्स : हिमालय आणि चीनचे पाहुणे

कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांवर मधाळ रंगाच्या चुनखडीची घरे आणि त्याच दगडाच्या बिनचुन्याच्या भिंती दिसू लागतात. या भागात बऱ्याच ठिकाणी भिंतीनेच कुंपणाची जागा घेतली आहे आणि रानगुलाब भिंतीच्या पायथ्याशी वाढतो. चिपिंग कॅम्पडनजवळ किफ्ट्सगेट कोर्ट ही बाग आहे. हेदर म्यूर यांनी १९२० च्या दशकात ती घडवायला घेतली, नंतर त्यांच्या मुलीने आणि मग नातीने ती सांभाळली. १९३८ साली इथे पश्चिम चीनमधल्या ‘रोझा फिलिपेस’ या रानगुलाबाचे रोप लागले. आज ते शेजारच्या बीच वृक्षांवर चढून सुमारे पंधरा मीटर उंचीपर्यंत पोहोचले आहे आणि इंग्लंडमधील सर्वांत मोठ्या गुलाबवेलींमध्ये त्याची गणना होते. त्याचा बहर जुलैचा. जूनच्या मध्यात दिसतात त्या हजारो हिरव्या कळ्या आणि झाडाच्या शेंड्यापर्यंत गेलेले तांबूस कोवळे धुमारे.

असे अवाढव्य रानगुलाब बागेत आणण्यामागे एक विचार होता. व्हिक्टोरियन काळातल्या बागा म्हणजे भौमितिक वाफे आणि दर हंगामाला बदलायची काचघरातली रोपे. आयरिश माळी विल्यम रॉबिन्सन यांनी १८७० मध्ये ‘द वाइल्ड गार्डन’ या पुस्तकातून या रीतीला विरोध केला. हवामान सोसणाऱ्या वनस्पती गवतात, झाडांखाली, कुंपणालगत लावाव्यात आणि त्यांना आपापल्या वळणाने वाढू द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. गर्ट्रूड जेकिल यांनी गुलाबांवरच्या १९०२ सालच्या पुस्तकात झाडांवर चढवलेल्या मोकळ्या गुलाबांचा पुरस्कार केला. बागेच्या कडेला शिस्त सैल करत न्यावी, म्हणजे बाग आणि शेत यांच्यामधली रेघ पुसट होते, ही कल्पना या पिढीने रुजवली. त्या सैल कडेला रानगुलाब अगदी योग्य ठरला.

भारतीय प्रवाशाला इथे एक ओळखीचे झुडूप भेटते. गढवाल-कुमाऊँच्या जंगलकडांना मे-जूनमध्ये पांढऱ्या घोसांनी झाकणारा कुंजा, म्हणजे ‘रोझा ब्रुनोनी’, एकोणिसाव्या शतकापासून इंग्लंडच्या बागांत आहे. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव त्याला दिलेले आहे. हिमालयात तो ओढ्याकाठी आणि पायऱ्यांच्या शेतांच्या बांधावर वाढतो. इंग्लंडमध्ये त्याला दक्षिणाभिमुख उबदार भिंत किंवा जुने सफरचंदाचे झाड लागते, कारण कडक थंडीत त्याची कोवळी फूट मरते.

मिडलँड्स : कायद्याने आखलेली कुंपणे

नॉर्थँप्टनशायर आणि लगतच्या सपाट प्रदेशात कुंपणांचे रूप पार बदलते. डेव्हनमधली वळणे संपतात. इथे कुंपणे सरळ रेषेत जातात, काटकोनात वळतात आणि बहुतांशी एकट्या हॉथॉर्नची असतात. सायंकाळच्या तिरप्या उन्हात कुरणातून लांबच लांब समांतर वरंबे दिसतात. मध्ययुगात बैलांच्या नांगराने पडलेले ते वरंबे आहेत. कित्येक ठिकाणी ते कुंपणाच्या एका बाजूने येतात, खालून जातात आणि पलीकडे तसेच चालू राहतात. शेती आधीची आणि कुंपण नंतरचे, याचा हा जमिनीवर लिहिलेला पुरावा आहे.

पूर्वी या गावांची शेते मोठी आणि उघडी असत. प्रत्येक कुटुंबाच्या अरुंद पट्ट्या वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेल्या, आणि गायरान सर्वांचे. पार्लमेंटने १६०४ ते १९१४ या काळात ५,२०० हून अधिक कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमीन बंदिस्त केली. आयुक्त येत, मोजणी होई, पट्ट्या एकत्र करून सलग तुकडे वाटले जात, आणि ज्याला तुकडा मिळाला त्याने ठरलेल्या मुदतीत कुंपण घालायचे असे. हॉथॉर्नची रोपे पुरवणाऱ्या रोपवाटिकांची त्या काळात भरभराट झाली. इतिहासकार ऑलिव्हर रॅकहॅम यांच्या अंदाजाने १७५० ते १८५० या शंभर वर्षांत सुमारे ३ लाख किलोमीटरहून अधिक कुंपणे लागली. आधीच्या पाच शतकांत मिळून जितकी लागली असतील, निदान तितकी ही भरतात. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, फक्त गायरानात गाय चारण्याचा आणि सरपण गोळा करण्याचा रिवाज होता, त्यांचा आधार यात गेला. हेल्पस्टन गावचा शेतमजूर कवी जॉन क्लेअर याच्या गावासाठी १८०९ मध्ये असा कायदा झाला. ते दुःख त्याच्या कवितेचा मोठा विषय झाले. आज निसर्गरम्य म्हणून जपली जाणारी ही कुंपणे कुणाच्या तरी वाटा बंद करून उभी राहिली आहेत, हे इथून जाताना विसरता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर चाक उलटे फिरले. यंत्रांना मोठी शेते हवी होती, धान्य वाढवण्याची निकड होती आणि कुंपणे उपटण्यासाठी सरकारी अनुदान मिळत होते. त्यानंतरच्या दशकांत देशातली निम्म्याच्या आसपास कुंपणे नाहीशी झाली. अखेर १९९७ च्या नियमांनी ग्रामीण भागातले साधारण २० मीटरहून लांब कुंपण काढण्यापूर्वी स्थानिक प्रशासनाला कळवणे बंधनकारक केले.

उरलेल्या कुंपणांत गुलाब फुलेल की नाही हे छाटणी ठरवते. जुनी पद्धत हिवाळी कामाची. कुंपण बुडाशी विरळ झाले की कारागीर प्रत्येक खोड जमिनीलगत कोयत्याने जवळजवळ पूर्ण कापतो. थोडी साल आणि लाकडाची पातळ पट्टी शिल्लक ठेवतो आणि खोड तिरपे आडवे करतो. ठरावीक अंतरावर खुंट्या ठोकून माथ्यावर हेझलच्या लवचीक काठ्या विणतो. आडव्या खोडात त्या पट्टीतून रस वाहत राहतो, बुंध्यातून नवे फुटवे येतात आणि कुंपण पुन्हा तळापासून दाट होते. प्रत्येक प्रदेशाची याची धाटणी वेगळी. मिडलँड्समध्ये अंगाने रेटणाऱ्या बैलांसाठी भक्कम, तर डेव्हनमध्ये बांधाच्या माथ्यावर बसती.

आता हे काम बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरला जोडलेल्या यांत्रिक दांडीने होते आणि ते दरवर्षी केले की प्रश्न उभा राहतो. डॉग रोझ आणि हॉथॉर्न दोन्ही आदल्या वर्षीच्या लाकडावर फुलतात. दर हिवाळ्यात तेच लाकूड उडवले तर कुंपण हिरवे राहते, पण त्यात फूल नसते आणि फळही नसते. रस्त्याच्या एका बाजूला चौकोनी, नीटनेटके, बिनफुलांचे कुंपण आणि समोर दोनतीन वर्षे न छाटलेले, कमानींनी लवलेले गुलाबी कुंपण, असे दृश्य या भागात वारंवार दिसते. जमीन तीच, हवा तीच, फरक फक्त छाटणीचा. म्हणून आता दोन किंवा तीन वर्षांतून एकदा, आलटून पालटून छाटण्याची शिफारस केली जाते. २०२४ पासून इंग्लंडमध्ये १ मार्च ते ३१ ऑगस्ट या विणीच्या काळात कुंपण छाटण्यास कायद्याने बंदी आहे, आणि कुंपणाच्या मध्यापासून दोन मीटरपर्यंत नांगर वा औषधफवारणी करता येत नाही. दोन मीटरचे हे बंधन काही अपवाद वगळता मोठ्या शेतांनाच लागू आहे.

साउथवेल आणि यॉर्क : दगडात आणि काचेत

नॉटिंगहॅमशायरमधील साउथवेलच्या चर्चला लागून एक अष्टकोनी सभागृह आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या पाथरवटांनी खांबांच्या माथ्यांवर आणि कमानींवर पाने कोरली. त्या काळी सर्रास वापरली जाणारी साचेबंद नक्षी त्यांनी टाळली. ओक, हॉथॉर्न, मेपल, द्राक्षवेल, हॉप आणि रानगुलाब यांची पाने ओळखू येतील अशी घडवली. कलेतिहासकार निकोलाउस पेव्हस्नर यांनी १९४५ मध्ये या पानांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. दगडाच्या मागच्या बाजूनेही कोरून काढलेल्या या पानांमध्ये कडांचे दाते आणि शिरा दिसतात. सातशे वर्षांपूर्वीचे कुंपण कसे असेल याची इतकी नेमकी नोंद कुठल्याही कागदावर सापडत नाही.

यॉर्कमध्ये पांढरा गुलाब सरकारी इमारतींपासून क्रिकेटच्या टोप्यांपर्यंत सगळीकडे दिसतो. यॉर्क घराण्याचे ते चिन्ह. लँकेस्टर घराण्याशी १४५५ पासून तीन दशके चाललेल्या यादवीला पुढे गुलाबांची युद्धे हे नाव पडले. १४८५ मध्ये बॉस्वर्थच्या लढाईत सातवा हेन्री विजयी झाला, पुढच्या वर्षी त्याने यॉर्कच्या एलिझाबेथशी लग्न केले आणि लँकेस्टरचा लाल व यॉर्कचा पांढरा असे दोन्ही गुलाब एकात एक बसवून ट्यूडर गुलाब तयार झाला. यॉर्क मिन्स्टरच्या दक्षिण बाजूच्या वर्तुळाकार खिडकीत सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या रंगीत काचेत हे मीलन चितारले आहे. १९८४ च्या आगीत त्या काचेला हजारो तडे गेले, तरी ती जागची हलली नाही.

राजचिन्हातला हा गुलाब निरखला तर तो बागेतला भरगच्च गुलाब नाही हे कळते. त्यातल्या प्रत्येक गुलाबाला पाच पाकळ्या आहेत आणि दर दोन पाकळ्यांच्या मधून एक हिरवे टोक डोकावते. ती निदले आहेत, आणि उघडलेल्या रानगुलाबात ती नेमकी तशीच दिसतात. राजघराण्यांनी निशाणावर घेतलेल्या फुलाची घडण बांधावरच्या फुलाचीच होती.

न्यूकॅसल : फळे आणि गुणसूत्रे

टाइन नदीकडे जाताना कुंपणातले गुलाब अधिक गडद होतात. पाने लवदार होतात आणि त्यांना किंचित राळेचा वास येतो. या उत्तरेकडच्या जाती. त्यांच्या सीमारेषा इतक्या पुसट आहेत की एकोणिसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी ब्रिटनमधल्या रानगुलाबांना शेकडो नावे देऊन ठेवली होती. हा गोंधळ का होतो हे १९२० च्या सुमारास उलगडले. स्वीडनमध्ये गुन्नार टेकहोल्म यांनी आणि न्यूकॅसलच्या आर्मस्ट्राँग कॉलेजात कॅथलीन ब्लॅकबर्न व जे. डब्ल्यू. हेस्लॉप-हॅरिसन यांनी स्वतंत्रपणे गुलाबांची गुणसूत्रे तपासली. डॉग रोझमध्ये ३५ गुणसूत्रे असतात, म्हणजे सातचे पाच संच. जननपेशी तयार होताना त्यांतली १४ जोडीजोडीने जुळतात आणि २१ एकटी राहतात. परागकणात फक्त ७ जातात आणि बीजांडात २८. दोन्ही मिळून पुन्हा ३५. म्हणजे संततीला आईचा वाटा पित्याच्या चौपट मिळतो. म्हणून एका झाडाची खासियत पिढ्यानपिढ्या टिकते, आणि तरीही दुसऱ्याशी संकर होत राहतो. कुंपणातली झाडे एकमेकांसारखी असून अगदी सारखी कधीच का नसतात, याचे उत्तर या हिशेबात आहे.

जूनमध्ये इथे फळे नसतात, पण ईशान्येकडच्या या भागात वडीलधाऱ्यांशी बोलताना आठवणी निघतात त्या फळांच्याच. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांमुळे संत्र्यांची आयात जवळपास थांबली आणि मुलांना क जीवनसत्त्व कुठून द्यायचे हा प्रश्न उभा राहिला. रानगुलाबाच्या फळात ते संत्र्याच्या कित्येक पट असते. उत्तरेकडच्या फळांत त्याचे प्रमाण दक्षिणेपेक्षा जास्त भरते असेही तपासणीत दिसले. १९४१ पासून सरकारने फळे गोळा करण्याची मोहीम आखली. शाळकरी मुले, स्काउट आणि गावोगावची महिला मंडळे शरद ऋतूत कुंपणे धुंडाळू लागली, वजनाप्रमाणे मोबदला मिळू लागला, आणि दर हंगामात शेकडो टन फळे जमली. त्यांचा पाक बाटल्यांत भरून लहान मुलांसाठी औषधविक्रेत्यांकडून दिला जाई. युद्ध संपल्यावरही ही फळतोड बरीच वर्षे चालू राहिली.

पाक करताना एक काळजी घ्यावी लागते. लाल गर खाण्याजोगा असला तरी आतल्या बियांभोवती बारीक, ताठ लव असते. ती कातडीला किंवा घशाला लागली की खाजकुइली लागावी तशी आग होते. म्हणून फळे कुटून, उकळून, दाट फडक्यातून दोनदा गाळतात आणि मगच साखर घालतात. शाळेत ही लव एकमेकांच्या सदऱ्यात टाकण्याचा खेळ त्या पिढीतल्या बहुतेकांना आठवतो. हिवाळ्यात झुडपावर राहिलेली फळे स्कँडिनेव्हियातून येणाऱ्या फील्डफेअर आणि रेडविंग या पाहुण्या पक्ष्यांच्या उपयोगी पडतात.

नॉर्थंबरलँड : वाळूतला गुलाब

एम्बल्टनच्या उपसागराजवळ, डन्स्टनबरा किल्ल्याच्या अवशेषांकडे जाताना शेते संपतात आणि वाळूच्या टेकड्या लागतात. इथे कुंपण नाही, आधार द्यायला झुडूप नाही, खारा वारा सतत वाहतो. आणि इथेच ‘बर्नेट रोझ’ वाढतो. उंची गुडघ्यापर्यंतही नाही. वाळूखालून धुमारे सोडत तो पसरतो आणि टेकडी बांधून धरतो. सरळ काटे आणि ताठ केस इतके दाट, की खोड बोटांत धरता येत नाही. फुले सायीच्या रंगाची आणि वास गोड. फळ पिकल्यावर लाल न होता जांभळट काळे होते. चारी बाजूंनी गवत आणि गुलाबी क्रेन्सबिल, मधे हे पांढरे फूल, पलीकडे उत्तर समुद्र. कुंपणातला लवचीक, कमानदार गुलाब पाहून आलेल्या प्रवाशाला याचे ठेंगणेपण चकित करते.

हे जंगली झुडूपही बागेत शिरले. १७९३ मध्ये स्कॉटलंडमधील पर्थच्या रॉबर्ट ब्राउन या रोपवाटिकाचालकाने जवळच्या किनौल टेकडीवरून काही रोपे आणली आणि त्यांच्या बियांतून भरीव फुलांची झाडे निवडली. तीस वर्षांत ‘स्कॉच रोझ’ची शेकडो रूपे बाजारात आली आणि तितक्याच लवकर, वारंवार फुलणारे गुलाब आल्यावर, विस्मरणात गेली. विसाव्या शतकात जर्मन संकरकार विल्हेल्म कोर्डेस यांनी याच रानगुलाबातून ‘फ्र्युलिंग्सगोल्ड’सारखे थंडी सोसणारे गुलाब काढले.

किनाऱ्यावर या गुलाबाला दुसऱ्या गुलाबाशीच झगडावे लागते. ‘रोझा रुगोसा’ हा जपान, कोरिया आणि रशियाच्या पूर्व किनाऱ्यावरचा रहिवासी अठराव्या शतकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये आला. खारा वारा सोसतो, रोगाला बळी पडत नाही, फुले मोठी आणि फळे छोट्या टोमॅटोएवढी, म्हणून तो बागांच्या कुंपणांना आणि रस्त्यांच्या दुभाजकांना लावला गेला. तिथून वाळूत शिरल्यावर त्याने दाट झाडोरा केला. त्याच्या सावलीत बर्नेट रोझ आणि वाळूतली इतर लहान फुले टिकत नाहीत. आता इंग्लंड आणि वेल्समध्ये त्याला रानात लावणे हा गुन्हा आहे. किनाऱ्यांवरून तो मुळांसकट खणून काढावा लागतो, कारण मुळाचा तुकडा राहिला तरी तो पुन्हा फुटतो. बागेतले कुंपण म्हणून निर्दोष असलेले झुडूप शंभर पावलांवरच्या वाळूत घातक ठरते. कुठला गुलाब कुठे शोभतो हे ठिकाण पाहून ठरवावे लागते.

कुंपणांच्या बाबतीत सरकारी धोरण आता पुन्हा लावणीकडे वळले आहे. २०३७ पर्यंत इंग्लंडमध्ये ४८,००० किलोमीटर आणि २०५० पर्यंत ७२,००० किलोमीटर कुंपणे नव्याने लावण्याचे किंवा पुन्हा उभी करण्याचे उद्दिष्ट २०२३ मध्ये जाहीर झाले. नव्या लावणीत निम्म्याहून अधिक हॉथॉर्न आणि उरलेल्यात हेझल, मेपल, ब्लॅकथॉर्न यांच्या जोडीला डॉग रोझ, असे मिश्रण सर्रास वापरतात. एके काळी जे काम पक्ष्यांवर सोपवलेले होते ते आता रोपवाटिका करतात. रोपे त्याच प्रदेशातल्या बियांपासून तयार करावीत, म्हणजे उत्तरेचा गडद गुलाब उत्तरेत आणि दक्षिणेचा फिका दक्षिणेत राहील, असा जाणकारांचा आग्रह आहे. लावणीनंतरचा नियम मात्र सगळीकडे सारखा आहे. पहिली काही वर्षे गुरांपासून राखावे, मग दोन छाटण्यांत दोन-तीन वर्षांचे अंतर ठेवावे. तेवढी मोकळीक मिळाली की रानगुलाब जूनमध्ये फुले देतो आणि ऑक्टोबरमध्ये फळे. त्याची दुसरी कुठलीच मागणी नसते.